वारा समद्यांचा

शिरूरला आमच्या गल्लीत रोज सकाळी घंटागाडी घेऊन येणाऱ्या बाईंचे नाव मी कधी विचारले नाही. वळणावरच त्या भोंग्यातले गाणे बंद करत आणि स्वतः हाळी देत. गाण्याला कोणी ओ देत नाही, माणसाला देतात, असा त्यांचा हिशेब होता.

यंदा निम्मी गल्ली ऊसतोडीला गेली आणि दारांना कुलपे लागली. माणसे परत येईपर्यंत गाडीची फेरी बंद ठेवावी, असा विचार नगरपंचायतीत सुरू झाला. आमचे शेजारी, निवृत्त तलाठी, त्याच मताचे होते. एके सकाळी ओट्यावरून ते बाईंना म्हणाले, "ज्याचा कचरा त्यानं टाकावा. सरकारनं कावून उचलायचा?"

बाईंनी तलाठ्यांच्या दारातल्या बोरीच्या काट्यांना अडकलेली प्लास्टिकची पिशवी काढून समोर धरली. "काका, ही तुमची हाय का?"

"न्हाई बा."

"मंग? कचरा ज्याचा त्याचा आसंल, पन वारा समद्यांचा हाय!"

तलाठी ओटा दणाणेल असे हसले. त्याच आठवड्यात त्यांनी नगरपंचायतीत जाऊन फेरी चालू ठेवण्याचा आग्रह धरला, आणि तो मान्य झाला.

आता बंद घरांपुढे उडून आलेला कचरा ते स्वतः बादलीत गोळा करतात आणि बाईंच्या आधी हाळी देतात.

"काका, आज कोनाचा कचरा?" बाई मुद्दाम विचारतात.

"वाऱ्याचा! घे लवकर, न्हाईतर परत जाईल त्याच्याकडं."