शेठच्या चपला

चपलांच्या दुकानात नोकरी केली की माणसं तोंडापेक्षा पायावरून लक्षात राहतात आणि किस्से साठत जातात. आमच्या डहाणूच्या शेठचे एवढे साठलेत, की मी तोंड उघडलं की घरचे उठून जातात. तुम्ही बसा.

*

शेठची तीन दुकानं. डहाणू, कासा, तलासरी. मग वापीला मॉल आले, हातात मोबाइल आले. आधी कासा बंद झालं, पाठोपाठ तलासरी. तलासरीचं शटर ओढून शेठ तसेच उभे होते. तेवढ्यात एक बाई आल्या. दुकान कायमचं बंद झालं, असं शेठनी सांगितलं.

"मग आता तरी भाव कमी कराल ना?"

शेठनी कुलूप काढलं आणि भाव कमी केला.

*

डहाणूच्या दुकानात चिखले गावच्या शाळेतले एक सर आले. मला सगळे बूट काढायला लावले, घालून बघितले, नंबर विचारला आणि आमच्यासमोरच मोबाइलवर ऑर्डर केली. वर शेठना म्हणाले, "पार्सल इथंच मागवू का? कुरिअरवाल्याला आमचं घर सापडत नाही."

शेठ आता यांना बाहेर काढतात, असं मला वाटलं. शेठ म्हणाले, "मागवा."

पार्सल आलं. बूट चावायला लागले. सर आमचे घेऊन गेले.

*

हे शेठच्या मुलीनं, हेतलनं पाहिलं. मुंबईची नोकरी सोडून ती नुकतीच घरी आली होती. तिनं कुरिअरवाल्याशी बोलून दारावर पाटी लावली, 'पार्सल इथे मिळेल', आणि खाली एक स्टूल ठेवलं. दुसऱ्यांचा माल आपल्या दुकानात, म्हणून शेठनी तिच्याशी बोलणं टाकलं.

पण लोक स्टुलावर बसून पार्सल फोडायचे, घालून बघायचे आणि आमच्याकडे वळायचे. पुढे शेठच कुरिअरची वाट बघायला लागले. खोक्यावरचं नाव वाचून म्हणायचे, "याला नाही व्हायचं. पाय रुंद आहे."

*

या वाढलेल्या धंद्यावर तलासरीचं दुकान परत उघडलं. पूजेला सगळ्यांनी पायातलं दाराबाहेर काढलं. पूजा झाली, तर शेठच्या चपला, आमच्याच दुकानातल्या, गायब. पाहुण्यांचे भारी कंपन्यांचे बूट जागच्या जागी.

हेतल ओशाळली. तिनं कपाटातला नवा जोड आणला. शेठनी तो घेतला नाही. ते त्या बुटांकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "सुनंदाबेन, एवढे सगळे सोडून आपल्याच नेल्या."

दिवसभर ते अनवाणीच गिऱ्हाइकं करत होते. संध्याकाळी डहाणूला घरीही तसेच गेले आणि दारातूनच शेठाणींना हाक मारून पाय दाखवले.