गोलमागे उभी लताअक्का

लताअक्का माझी मोठी जाऊ. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिला अहो-जाहो करायचं असं मला माहेरी पढवून पाठवलं होतं. तिनं पहिल्याच आठवड्यात ते मोडीत काढलं. म्हणाली, तू मास्तरीण, मी कापूस वेचणारी, आपण दोघी एकाच चुलीवर भाकरी थापणार, मग कसलं अहो-जाहो. तेव्हापासून ती मला अगं म्हणते आणि मी तिला अगं म्हणते, आणि आमच्यात भांडणंही त्याच मोकळेपणानं होतात.

आमचं गाव धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे. घरात आबा, म्हणजे आमचे सासरे अभिमन पाटील. थोरले योगराजभाऊ शेती बघतात, ते अक्काचे यजमान. धाकटे हेमराज, हे आमचे. गावच्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक. गावासारखी मीही त्यांना सरच म्हणते. सर पेपर वाचत असले तरी गळ्यात शिट्टी असते. मुलींचा फुटबॉल संघ काढायचं खूळ त्यांचंच. सुरुवातीला गावानं हसून घेतलं. पुढे त्याच पोरींनी जामनेरच्या संघाला त्यांच्याच मैदानावर हरवलं, तेव्हा हसणारेच हार घेऊन एसटी स्टँडवर उभे होते. त्या संघाची गोलकीपर मोनाली, अक्काची मुलगी.

आता अक्काचं सांगते. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा माणूस दचकून उभा राहतो. शाळा फार झाली नाही. मैदान आमच्या शेताला लागून आहे, मधे नुसतं काटेरी तारांचं कुंपण. सरावाच्या वेळी चेंडू कपाशीत जायचा आणि अक्का बोंडं वाचवण्यासाठी धावायची. चेंडू परत देताना दोन शिव्या देऊन द्यायची. हळूहळू शिव्या कमी झाल्या आणि सूचना वाढल्या. "मोना, पुढे नको जाऊ, तठेच ऱ्हाय." खेळ तिला कोणी शिकवला नाही. उभ्याउभ्या बघून बघून तिच्यात मुरला. एकदा तर बाहेरच्या संघाच्या सरांनी पंचाकडे तक्रार केली की गोलमागून कोणीतरी बाई अहिराणीत मार्गदर्शन करते. पंच होता धुळ्याचा. त्याला अहिराणी समजत होती, म्हणून तो हसला आणि त्यानं सोडून दिलं.

सामना असला की अक्का मोनालीच्या गोलमागे उभी. मध्यंतरानंतर मोनाली बाजू बदलायची, तशी अक्काही मैदानाला वळसा घालून पलीकडे जायची. ऊन असो, धूळ असो, ती बसली असं कोणी पाहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीनं लावला होता. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर किंवा खाटेवर बसत नाही. आबा ओट्यावर असले तर आम्ही दोघी मागच्या दारानं येतो-जातो. त्यांच्याशी थेट बोलतही नाही. अक्का आबांच्या पुढ्यात उभी राहून मोनालीला सांगणार, "मोना, आबास्ले इचार, चहा लेतस का?" आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेले आबा मोनालीलाच उत्तर देणार. मी शाळेत दिवसभर खुर्चीवर बसते आणि घरी आबांचा खोकला ऐकू आला की ताडकन उठते. पगार मिळवते म्हणून गुडघ्यांना काही सूट मिळत नाही. तर मैदानात आबा पहिल्या रांगेत, म्हणून अक्का उभी, असं सगळे समजत होते. मीही.

गेल्या वर्षी गावच्या स्पर्धेत गडबड झाली. गोल झाला आणि मागची गर्दी दोर ओढत मैदानात घुसली. आमच्या शेजारचे भिकननाना खाली पडले, त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. माणूस थोडक्यात वाचला. त्यामुळे या वर्षी स्पर्धेच्या कमिटीनं पायऱ्यांची पक्की गॅलरी बांधली आणि नियम केला की प्रत्येकानं बसायचं. गोलमागे कोणी नाही, दोराशी कोणी नाही. एक माणूस उभा दिसला तरी सामना सुरू होणार नाही. कमिटीचे सचिव कोण, तर आमचे सर. नियमात चूक काढावी असं काही नव्हतं. भिकननानांचा हात अजून वर जात नाही, हे मीही रोज बघते.

पण आमच्या सरांना एक जादा शहाणपण सुचलं. बायकांचा मान म्हणून त्यांनी गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायऱ्या महिलांसाठी राखल्या. वर गुलाबी बॅनर लावला. खालच्या रांगा, खुर्च्या मांडून, गावच्या वडीलधाऱ्यांना. मी घरी विचारलं, तुम्ही याच गावात जन्मलात ना? सुना सासऱ्यांच्या डोक्याच्या वर जाऊन बसणार? सर म्हणाले, जमाना बदलला आहे. मी म्हटलं, जमाना बदलला असेल, सासरे तेच आहेत.

उपांत्य सामन्याला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बायका फाटकातून आत आल्या, त्यांनी वर बॅनर पाहिला, खाली आपापले सासरे, थोरले दीर पाहिले आणि जशा आल्या तशा बाहेर गेल्या. गुलाबी बॅनरखाली दोन शेळ्या चढून बसल्या होत्या. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून बायकांनी सामना पाहिला. तिथून फक्त एकच गोल दिसत होता. अर्धा वेळ अक्काला मुलगी दिसलीच नाही. आरोळी उठली की ती शेजारणीला विचारायची, कोणाकडं झालं? खेळ नखशिखांत जाणणारी बाई दुसऱ्याला विचारत होती. तो दिवस मला फार लागला.

संघ जिंकला आणि अंतिम सामना यावलशी ठरला.  आदल्या दिवशी अक्का भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापत होती. मी सरांकडे शब्द टाकू का, असं विचारलं. नको म्हणाली. नियम तुझ्या नवऱ्याचा आहे, भीक तू कशाला मागायची.

अंतिम सामन्याला गॅलरी ठासून भरली. आबा पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, हातात काठी. मी शाळेच्या मुलींबरोबर बाजूला सतरंजीवर बसले होते. शिट्टी वाजणार तेवढ्यात सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या. आमच्या शेताच्या बाजूनं, तारांच्या कुंपणाच्या फटीतून अक्का आत आली होती. सरळ चालत मोनालीच्या गोलमागे जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हात कमरेवर.

माईकवर आमचे सर. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सख्ख्या वहिनीचं नाव माईकवर घ्यायची छाती होईना. "गोलमागे उभ्या असलेल्या ताईंनी कृपया गॅलरीत बसून घ्यावे." ताई हलल्या नाहीत. सरांनी पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज थोडा चिरका झाला. पंचानं शिट्टी तोंडातून काढली. यावलच्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या. मोनाली एकदा आईकडे, एकदा काकाकडे बघत होती. मागून कोणीतरी म्हणालं की एका बाईपायी सामना रद्द होणार.  अक्का बाहेर गेली असती तर पुन्हा कधी त्या मैदानाकडे फिरकली नसती, हे मला ठाऊक होतं. आणि न जाता सामना अडला असता तर गावानं जन्मभर तिच्या नावानं बोटं मोडली असती.

तेवढ्यात आबा उठले. काठी टेकत हळूहळू गोलमागे गेले.  आता म्हातारा सुनेला चारचौघांत झापणार, असंच सगळ्यांना वाटलं. आबा तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले आणि तिच्याशी बोलले. मधे मोनाली नाही, कोणी नाही, थेट तिच्याशी.

"लता, बस तू. मी सांगस. आते तुले कोनी काही बोलाव नही."

पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांनी काठीनं दाखवली. स्वतःची. माझे डोळे भरून आले. या घरात इतकी वर्षं काढली, पण सासरा सुनेला आपली खुर्ची देतो हे मी कधी ऐकलं नव्हतं, पाहणं तर लांबच. मला वाटलं, झालं, सुटलं सगळं. सरांनीही माईकवर हुश्श केलं, ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

अक्कानं पदर नीट केला. मान खाली होती, पण आवाज तोच, बांधावरचा.

"आबा, घरमा मी तुमना मानकरता उभी ऱ्हास. ते मले कबूल शे. पन आठे मी मना सोताकरता उभी शे. मले बशीसन देखता येत नही."

एवढंच. ना रडणं, ना तावातावानं बोलणं. मी तिथेच बसल्या बसल्या ताठ झाले. इतकी वर्षं आम्ही तिला रिवाजापायी उभी राहिलेली बिचारी सून समजत होतो, आणि बाई तिथे आपल्या हौसेनं, आपल्या हक्कानं उभी होती. दिवसभरात तेवढाच वेळ ती कोणासाठी उभी नव्हती. तिची धाकटी जाऊ म्हणून मला जेवढा अभिमान त्या क्षणी वाटला तेवढा माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही वाटला नव्हता.

 आबांनी काठी मातीत रोवली आणि म्हणाले, "मंग मी बी आठेच उभा ऱ्हास."

आता आमच्याकडे आबा उभे असताना बसण्याची कोणाची टाप नाही. आधी योगराजभाऊ उठले. मग आमची भावकी उठली. मग पहिली रांग, तिच्यामागची, आणि बघता बघता सगळी गॅलरी उभी. सगळ्यात शेवटी माईकच्या टेबलामागून आमचे सर उठले. नियम त्यांचा, पण बाप त्यांचाही होता.

पंच सरांकडे बघत होता. सर गोंधळले, पण माणूस मुळात खेळातला. त्यांनी माईक ठेवला, दोर उचलले, आणि दोन्ही गोलांच्या बऱ्याच मागे नेऊन खांबांना चांगले ताणून बांधले. मग जाहीर केलं की ज्यांना उभं राहायचं त्यांनी या दोराच्या मागे राहावं, ज्यांना बसायचं त्यांनी गॅलरीत बसावं, आणि दोराला हात लागला तर सामना तिथेच बंद. दोर सांभाळायचं काम कोणी सांगायच्या आधीच अक्कानं अंगावर घेतलं. जो पुढे येई त्याला ती अशा नजरेनं मागे सारायची की भिकननाना स्वतः आनंदानं तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. बाहेरच्या ट्रॉल्या रिकाम्या झाल्या. बायका आत आल्या आणि अक्काच्या बाजूला उभ्या राहिल्या, मीही सतरंजी सोडून तिथेच गेले.

सामना आम्ही एका गोलनं जिंकलो, हे सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मध्यंतरानंतर मोनालीनं बाजू बदलली, तशी अक्का मैदानाला वळसा घालून निघाली. तिच्यामागे काठी टेकत आबा, आबांच्या मागे भावकी, आणि त्यांच्यामागे निम्मं गाव. यावलचे सर हे बघून डोकं खाजवत होते.

आबांना फुटबॉल म्हणजे चेंडू आणि धावपळ एवढंच माहीत. वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसून त्यांनी हारतुरे घेतले, खेळ काही पाहिला नव्हता. उभे राहिल्यावर मात्र त्यांचे प्रश्न सुरू झाले. "लता, हाई काय व्हयनं?" अक्का चेंडूवरची नजर न काढता सांगायची. कॉर्नर म्हणजे काय, पंचानं हात का वर केला, आपली पोर पुढे का आली नाही. आबा मान डोलवायचे. सगळं गाव ऐकत होतं आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होतं.

शेवटच्या मिनिटांत यावलला कॉर्नर मिळाला. चेंडू लावणारी पोर डाव्या कोपऱ्यात, आणि आबा उत्साहाच्या भरात काठी टेकत नेमके अक्काच्या पुढ्यात, दोराशी येऊन उभे राहिलेले. अक्काचा पदर केव्हाच खांद्यावर घसरला होता.

"आबा, जराखा बाजूले व्हा," ती म्हणाली. "मले दिसत नही."

आणि आबा बाजूला झाले.