फाकलेली बोटं

बाळ घरी आलं तेव्हा मला आनंद झाला असेल, असं सगळे धरून चालतात. मला झोप आली होती. दोन महिने आधीच जन्मलेली आमची मुलगी हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत राहून राहून एकदाची दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, आणि माझ्या मनात एवढंच आलं की चला, आता दुधाची बाटली ओढणीखाली धरून हॉस्पिटलात जायला ऑटोवाल्यांशी हुज्जत घालायला नको.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे कानांची तपासणी नीट आलेली नाही; लवकर जन्मलेल्या बाळांचं होतं असं कधीकधी, जरा वाढली की पुन्हा करू. दुसरी, हिला उघड्या छातीशी धरा, हळू आवाजात बोला आणि तिच्याकडे लक्ष ठेवा. तोंड फिरवलं, उचकी लागली, हाताची बोटं ताठ फाकली, की समजायचं तिला पुरे झालं. मग सगळं थांबवायचं.

दुसरी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरलीच नाही. पहिलीने मात्र घर पोखरून काढलं.

सासूबाई पुण्याहून डिंकाचे लाडू, ओवा आणि शेगडी घेऊन आल्या होत्या. एवढ्याशा फुप्फुसांना धूर सोसणार नाही म्हणून मी धुरी बंद पाडली, त्यावरून थोडा अबोला झाला. मग त्यांनी कानांचं मनावर घेतलं. स्वयंपाकघरातून ताट आणि पळी घेऊन यायच्या आणि पाळण्याशी खण्णकन वाजवायच्या. खालच्या मजल्यावरची पंजाबी आंटी चुटक्या वाजवायची आणि म्हणायची, "ये तो देखती भी नहीं!" नवरा ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी किल्ल्या खुळखुळवायचा. पोरगी दर वेळी तोंड फिरवून घ्यायची, आणि सासूबाई देवघराकडे बघायच्या.

"आई, मडकं आहे का ते, वाजवून घ्यायला?" मी एकदा बोलून बसले.

"मग काय करू? बाहेर मेट्रोवाले एवढा रस्ता फोडतायत आणि ही ढाराढूर झोपते. मला काय बरं वाटतं का गं?" मला पुढे भांडवेना.

कारण भीती मलाही वाटत होती, आणि त्यांच्यापेक्षा जास्त. खरंच ऐकू येत नसेल तर? मी तिच्याशी बोलायचे, अगदी घसा बसेपर्यंत, आणि ती भिंतीकडे बघायची. भिंतीशी बोलून माणूस दमतो हो. नंतर नंतर मी दूध पाजताना गप्पच राहायला लागले.

संध्याकाळी छातीशी धरायचं काम नवऱ्याकडे होतं, कारण तोवर माझी पाठ गेलेली असायची. तो शर्ट काढून, पोरीला छातीवर घेऊन, वरून रजई ओढून बसायचा. सासूबाई म्हणायच्या, "अरे, अंडी उबवतोयस का?" तो हसायचा. हळू बोला म्हटलं होतं, पण बोलणार काय? त्याला ना ओवी येत होती ना अंगाई. मग तो खालच्या सुरात ऑफिसचं सांगायचा. "फाइल पुट अप केली बरं का. साहेबांनी क्वेरी काढून परत पाठवली. आता फायनान्सकडे जाईल." माझ्या मुलीच्या पहिल्या गोष्टी म्हणजे ह्या! हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीला अंगात त्राण नव्हतं.

बाराव्या दिवशी ती पेटीत होती, म्हणून बारसं राहून गेलं होतं. ते आता करायचं ठरलं. नणंद नाशिकहून आली, महाराष्ट्र मंडळातला पाळणा आला, आजूबाजूच्या क्वार्टर्समधल्या मराठी बायका जमल्या. नाव काय ठेवलंय याची कुणाला उत्सुकता नव्हती. पोर दचकते का, हे बघायला सगळ्या माना पुढे करून उभ्या होत्या.

नणंद वाकली. "कुर्रर्र!" रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे पडले, बांगड्या वाजल्या, हशा झाला. बाळाने तोंड भिंतीकडे वळवलं. हशा तिथेच विरला. कुणीतरी "अगंबाई" म्हणून सुस्कारा टाकला.

"पुन्हा म्हण," सासूबाई म्हणाल्या. "जोरात म्हण."

ती पुन्हा म्हणाली. मागे ताटही वाजलं. मला लोकांचे चेहरे बघवेनात, म्हणून मी पाळण्यात पाहिलं. दुपट्यातून एक हात बाहेर आला होता. पाचही बोटं ताठ, फाकलेली. उचकी लागली होती. आवाज थांबला तशी बोटं हळूहळू मिटली. कुणीतरी टाळी वाजवली, पुन्हा फाकली.

"थांबा!" मी ओरडले, आणि माझ्याही ओरडण्याने ती बोटं ताठ झाली.

मी तिथेच फरशीवर बसले आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. "ऐकतेय ती, आई. पहिल्या दिवसापासून ऐकतेय. दमलीय हो आपल्याला."

पुढे कानांची तपासणी झाली आणि नीट आली. पण मला कागद बघायची घाई नव्हती.

बारशाच्या त्या दिवशी नवऱ्याने तिला उचलून आतल्या खोलीत नेलं. अंगातला नवा कुर्ता काढून तिला छातीशी घेतलं आणि सवयीने पुटपुटायला लागला, "आज तरी सही होईल वाटलं होतं, पण साहेब टूरवर." तिची उचकी थांबली. मान त्याच्या आवाजाकडे वळली. नणंदेने आत येऊन, वाकून कानाशी नाव सांगितलं, अगदी हळू, आणि तिच्या पाठीत कुणी धपाटा घातला नाही. मी त्यांच्या शेजारी आडवी झाले.

बाहेरच्या खोलीत बायकांची कुजबुज वाढायला लागली होती. सासूबाई उठल्या, ताट-पळी स्वयंपाकघरात ठेवून आल्या आणि आमचं दार लोटून घेऊन बाहेर उभ्या राहिल्या.

"हळू बोला गं," त्या म्हणाल्या. "तिला ऐकू येतं."