चला नं तुमीबी, फ्लोरेन्सले!

ऐका, सांगतो. पण आधी कबूल करा, सुनंदासमोर हा विषय काढायचा नाही! ती शाळेतून यायच्या आत सांगून मोकळा होतो. तुम्ही चहा घ्या.

मूर्खपणा मी आयुष्यात बराच केला आहे. एकदा एका भल्या माणसाला वांग्याचं बी म्हणून भेंडीचं बी दिलं होतं. तो अजून दुकानावरून जाताना दुसरीकडे पाहत जातो. पण तो सगळा किरकोळ माल झाला. ठोक मूर्खपणा मी एकदाच केला, आणि तोही अवघ्या तीन शब्दांत.

अकोल्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, शाळेत चित्रकला शिकवतात. एका जुन्या पुस्तकातला लाल घुमट ती वर्षानुवर्षं पोरांना दाखवत आली. इटलीत फ्लोरेन्स नावाचं शहर आहे, तिथला. "पाहा रे, खालून टेकू न देता बांधला!" असं सांगताना तिचा आवाज बदलतो. पोरांना घुमटाचं काय, ती मागे बसून एकमेकांच्या पाठीवर चित्र काढतात.

आता आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. आमचा हनिमून चिखलदऱ्याला झाला होता. झाला म्हणजे, झाला असं म्हणायचं! जीपमध्ये आम्ही नऊ जण होतो. आईला घाटात मळमळतं म्हणून ती पुढे बसली, मी मागे स्टेपनीवर, आणि नवी नवरी मधल्या सीटवर, मांडीवर माझ्या मावशीचा नातू घेऊन. त्या नातवालाही घाटात मळमळतं, हे आम्हाला घाटातच कळलं.

तर एके दिवशी सुनंदा म्हणाली, "मले दागिना नको, साडी नको. एक आठवडा फ्लोरेन्स. आपन दोघंच. तिसरं मानूस दिसलं त मी स्टेशनवरून वापस येईन, सांगून ठेवते."

आणि तिने एक वही काढली. काय वही होती ती! सात दिवसांची सात पानं. सोमवारी घुमट, मंगळवारी चित्रांचं मोठं संग्रहालय, बुधवारी नदीवरचा तो दुकानांचा पूल. प्रत्येक पानावर रंगीत पेन्सिलीने चित्र, आणि खाली रोजच्या संध्याकाळसाठी एकच ओळ, ठळक अक्षरांत: नदीकाठी, फक्त दोघं.

मी तर विरघळलोच! दुसऱ्या दिवशी आरशासमोर मफलर गुंडाळून पाहिला. एप्रिलमध्ये, अकोल्यात! गल्लीतले लोक विचारायला लागले, तब्येत बरी आहे ना?

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आला तो रविवार.

आम्ही अमरावतीला सुनंदाच्या थोरल्या भावाकडे, प्रमोदभाऊंकडे जेवायला गेलो. चांदूर बाजारकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. बायका स्वयंपाकघरात होत्या, आम्ही दोघं बाहेर झोपाळ्यावर. माझ्या पोटात गोष्ट राहिना.

"प्रमोदभाऊ, आमी दोघं इटलीले चाललो."

"अरे वा!"

झालं! इथं गप्प बसायचं होतं की नाही? पण त्या "अरे वा"नंतर शांतता पडली हो. झोपाळा नुसता करकरत होता. आपण इटलीला जाणार आणि हा भला माणूस इथंच बसून राहणार, हे मला बघवेना. आणि तोंडातून निघून गेलं, "चला नं तुमीबी!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आपल्याकडची रीतच आहे. आपण जेवत असताना दारात कोणी आलं, तर "या जेवाले" म्हणायचं. आलेल्याने "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचं. टोपल्यात दोनच पोळ्या आहेत हे दोघांनाही माहीत असतं. तरी न बोलावणारा माणूस माणसातला नाही, आणि खरोखर बसणारा त्याहून नाही! मी बोलावलं. आता त्यांनी "होऊ द्या" म्हणायचं, की विषय संपला.

प्रमोदभाऊंनी झोपाळा थांबवला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "कधी निघाचं?"

मला वाटलं, गंमत करतात. पण त्यांनी आत हाक मारली, "माहा पासपोर्ट कुठं हाय वं?" आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जवाईबुवा, सुनंदाले सांगू नोका. मी आन तुमच्या वहिनी एकदम विमानतळावरच उभे राहू. पोरगी खूश होईन!"

खूश होईन? अहो, ती विमानतळावरच मला सोडचिठ्ठी देईल! पण त्यांना नाही कसं म्हणणार? बोलावणारा मीच ना!

दोनच दिवसांनी धामणगावहून ताईचा फोन. माझी थोरली बहीण. आवाज असा, की कोणी गेलं की काय.

"इलास, इटलीले चाल्ला म्हने तू?"

"हाव ताई."

"बायकोच्या भावाले घेऊन चाल्ला म्हने?"

"ते तसं नाई ताई..."

"नाई, ने बापा. त्यायले ने. सख्ख्या बहिनीचं काय हाय? तिनं तुले लहानपनी कडेवर घेऊन फिरवलं, त्याले आता किती वर्सं झाले!"

आता यावर काय बोलणार? सांगा ना, एक तरी वाक्य सुचवा! मला एकच सुचलं. "ताई, तूबी चाल नं."

"मी काय करू बापा तिथं? माहे गुडघे..." मला हायसं वाटलं. "पन तू येवढा म्हनून राहिला त येतो आमी."

आमी! म्हणजे भाऊजीसुद्धा! ताईचे यजमान कापसाचे व्यापारी, आणि मानाच्या बाबतीत फार कडक. एका लग्नात यांना दुपट्टा द्यायचा राहिला तर हे मांडवातून सरळ रेल्वे स्टेशनवर जाऊन बसले होते. नवरदेवाला जाऊन समजूत काढावी लागली. अशा माणसाला इटलीतून गाळायचं म्हणजे जन्माचं वैर. त्यांचा मुलगा दुबईला असतो, म्हणून पासपोर्टही दोघांचे तयार! सगळं जग माझ्याविरुद्ध सज्ज झालं होतं.

मी चोरासारखा ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मॅडमनी आमचं बुकिंग उघडलं.

"काका, हे कपल पॅकेज आहे. यात पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या असतात."

"मंग?"

"मग सहा जणांना पाकळ्या कशा टाकायच्या?"

हा प्रश्न ताईने सोडवला. तिने फोनवर खोल्या वाटून टाकल्या. "तीन बाया एका खोलीत, तीन मानसं एका खोलीत. लग्नात नाई का करत?" म्हणजे बघा, पंचवीस वर्षांनंतरचा माझा हनिमून. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. आणि त्यावर मी, उजवीकडे प्रमोदभाऊ, डावीकडे भाऊजी!

प्रमोदभाऊंनी फोनवर ग्रुप काढला, "इटली दर्शन". सुनंदा सोडून सगळे त्यात. वहिनींनी जवसाच्या चटणीचे फोटो टाकले. भाऊजींनी विचारलं, कुकर घ्यायचा का, कारण त्यांना सकाळी वरण लागतं. ताईने विचारलं, नदी आहे तर नदीकाठी महादेवाचं देऊळ असेलच ना? प्रमोदभाऊंनी लिहिलं, पहिल्या दिवशी सकाळी संत्र्याची मंडी पाहू, मग तुमचा तो घुमट.

मी शेवटचा डाव टाकला. सगळ्यांना घाबरवायचं! मी लिहिलं, तिथं मैलोनमैल पायी चालावं लागतं, घुमटाला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि संडासात पाणी नसतं, कागद असतो.

पाच मिनिटं ग्रुप गार. मी म्हटलं, जमलं! मग ताईचं उत्तर आलं, "बाप रे. मंग त तुले एकट्याले मुळीच पाठवत नाई." भाऊजींनी पितळी तांब्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "घेतला."

आणि मग व्हायचं तेच झालं. ट्रॅव्हल्सच्या मॅडमनी चुकून माझ्याऐवजी सुनंदाला फोन लावला. मी समोरच बसून शेंगा सोलत होतो. सुनंदा ऐकत होती. "कोनती तीन मानसं?... हं... कोन भाऊजी?... हं... कुकर?"

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "किती जन?"

"सहा," मी म्हटलं. "तुले धरून."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. टेबलावरची वही उचलली, कपाटात शाळेच्या जुन्या रजिस्टरांखाली ठेवली आणि कपाट लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. त्या बाईने पंचवीस वर्षांत एकच गोष्ट मागितली होती.

"येत्या रविवारी साऱ्याईले आपल्या घरी बोलवा," ती म्हणाली. "जेवाले. आन तुमीच सांगा काय सांगाचं ते."

रविवारी सगळे आले. वांग्याची भाजी, रोडगे, सगळं साग्रसंगीत. मी अख्खं जेवण एका रोडग्यावर काढलं. शेवटी उभा राहिलो, हात जोडले आणि डोळे मिटून म्हणालो, "माहं चुकलं. मी नुसतं रीतीनं म्हनलं होतं. आमाले दोघाईलेच जाचं होतं."

आता भाऊजी स्टेशनवर जाऊन बसतात, या भीतीने मी एक डोळा उघडला. तर प्रमोदभाऊ दोन्ही हात आभाळाकडे करून म्हणतात, "सुटलो बापा!"

"म्हंजे?"

"अहो जवाईबुवा, जेवाले बोलावलं त मानूस होऊ द्या म्हनते. पन तुमी इटलीले बोलावलं! इटलीले कोनी रीतीनं बोलावते काय? मले वाटलं, तुमी एकटे जाले भेऊन राहिले. नाई म्हनून तुमचं मन कसं मोडाचं? तिकडं बागेत पान्याची पाळी आली, आन मी इथं तुमच्यासाठी स्वेटर घेऊन राहिलो!"

"मले त विमानात बसलं का कान दुखते," भाऊजी म्हणाले. "दुबईच्या टायमाले चार दिवस दुखले. पन तुह्या ताईनं म्हनलं, इलासचा शब्द पडू द्याचा नाई."

म्हणजे बघा, एकाही माणसाला जायचं नव्हतं! मी त्यांच्यासाठी बोलावत होतो आणि ते माझ्यासाठी येत होते! सगळे इतके हसले, की शेजारचे डोकावून गेले. सुनंदाही हसली. उठून कपाटातून वही काढली आणि सगळ्यांना दाखवली. मला वाटलं, वाचलो.

ताईने एकेक पान उलटलं. घुमटाच्या चित्रावरून बोट फिरवलं. "किती सुंदर काढलं वं सुनंदा," ती म्हणाली. मग वही मिटून मांडीवर ठेवली. "जा बापा तुमी दोघं. आमाले फोटो दाखवा, म्हंजे झालं."

आणि शांतता पडली.

अहो, माझे डोळे भरून आले होते. केवढी माझी माणसं! केवढं त्यांचं मन! आणि मी माझ्याच कानांनी ऐकलं, मीच म्हणत होतो, "असं कसं ताई? चाल नं तूबी!"

प्रमोदभाऊंनी कपाळावर हात मारला. भाऊजींनी दोन्ही कान झाकले. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, लग्नातसुद्धा तिने मला इतका वेळ पाहिलं नव्हतं. मग तिने फोन उचलला.

"मॅडम, दोनच तिकिटं काढा. दोघी बायांचे. सुनंदा आन ताई... नाई नाई, पाकळ्या राहू द्या."

"नाई वं सुनंदा!" ताई घाबरली. "मी कायले? तुमीच जा."

"ताई, मी रीतीनं नाई म्हनून राहिली. चला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमाले मानसं लागतात नं सोबतीले? भाऊजी राहतीन तुमच्यापाशी."

आणि गेल्या हो दोघी! खरंच गेल्या! ज्या दिवशी त्या उडाल्या, त्याच दिवशी भाऊजी बॅग घेऊन माझ्या दारात. या माणसाला चहासुद्धा करता येत नाही. सकाळी वरण, दुपारी वरण, रात्री वरण. सात दिवस मी दुकान सांभाळू की कुकरच्या शिट्ट्या मोजू?

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी संध्याकाळी फोन आला. ताई धापा टाकत होती. "इलास, चढली मी! साऱ्या पायऱ्या चढली! गुडघ्यायले कायबी झालं नाई रे! आन ही सुनंदा वर जाऊन नुसती रडून राहिली, बोलतच नाई." मग सुनंदाने फोन घेतला, "बरं, जेवून घ्या," एवढं म्हणाली आणि ठेवला. त्या दोघींना नदीकाठी जायचं होतं.

आम्ही जेवायला बसलो. कूलर घरघरत होता. भाऊजींनी पहिला घास घेतला, माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाले, "इलास, काही म्हन, आपुन दोघंच आहो त कसं छान वाटते नं?"

मी हो म्हटलं, आणि त्यांना वरण वाढलं.