आबांची सुई आणि बिनफोडणीचं वरण

गेल्या पावसाळ्यात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फ्लू झाला. पिंपळनेरजवळच्या आमच्या गावात कुणाला ताप भरला की आईला आधी माता, म्हणजे ताप-कांजिण्यांची देवी, आठवते. तिनं दाराला कडुलिंबाची डहाळी लावली आणि माता घरात असताना चालत नाही म्हणून स्वयंपाकातली फोडणी बंद केली. आबांना मुळात दम्याचा त्रास. श्वास पुरेना तेव्हा भावानं त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं. मी जळगावहून पोचले तर त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस नुसता डोळ्यांनी बोलत होता.

देवाच्या दयेनं बरे झाले. घरी आल्यावर आईनं त्यांना कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घातली, गावाबाहेर मातेला दहीभात दाखवला आणि तिच्यापुरतं प्रकरण मिटलं.

माझ्यापुरतं मिटलं नव्हतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "पुढच्या पावसाळ्याआधी यांना फ्लूची लस द्या."

"पण आत्ताच तर होऊन गेला ना?" मी विचारलं.

"हा एक प्रकार झाला. फ्लूचे प्रकार अनेक, आणि ते बदलत राहतात. शिवाय आजारातून अंगात आलेली रोगाशी लढायची ताकदही ओसरते. पुन्हा असा झटका यांच्या छातीला झेपायचा नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. यंदा उन्हाळा संपत आल्यावर मी गावी गेले आणि विषय काढला. आबा बाजेवर बसून कांद्याच्या भावावर तोंडसुख घेत होते.

"ताप उना, गया. आते सुई कसाले?"

मी प्रकार सांगितले, ताकद ओसरते ते सांगितलं. भिंतीशी बोलले असते तर बरं झालं असतं. आईही त्यांचीच री ओढणार, हे मी धरूनच चालले होते. ती ओट्यावर गहू पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "माता तुमना आंगवर धाकलपने येल शे ना? मंग मी दर आखाडले निवद कसाले दखाडस?"

लहानपणी एकदा माता अंगावर येऊन गेली तरी आषाढातला नैवेद्य दरवर्षी लागतोच, मग सुईचंही तसंच, असा तिचा हिशेब. आईनं सूप झटकलं. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात आबांनी दंड पुढे केला तो डॉक्टरीणबाईंकडे न बघता, आईकडे रागानं बघत. मला मात्र आईला मिठी मारावीशी वाटली.

पाऊस सुरू झाला आणि गल्लीभर खोकल्याची साथ आली. एका सकाळी भावाचा फोन आला, आबांना ताप आहे. मी मिळेल त्या बसनं निघाले. वाटेत तो मास्कच डोळ्यांसमोर येत होता. घराशी पोचले तर दाराला पुन्हा कडुलिंब.

आतून आबांचा आवाज आला, गल्लीभर ऐकू जाईल असा. "अवं, वरनले फोडनी दे! मी काय मरी नही राहिनू!"

मी उंबऱ्यावरच बसले आणि पोटभर रडून घेतलं.