स्क्रीन कुणाच्या कामाचा?

शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी अ‍ॅप आणि मशीनचे स्क्रीन डिझाइन करते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं त्यांच्या मशीनवरचा जुना स्क्रीन बदलायचं काम आम्हाला दिलं, तेव्हा कामगार तो कसा वापरतात हे बघायला मी तिथं जाऊन बसले.

मला ज्यांच्या शेजारी बसवलं ते ऑपरेटर कोडोलीचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी येताच त्यांचं काम एकदम नेटकं झालं. प्रत्येक बटण शांतपणे दाबायचं, मशीन थांबलं की ते का थांबलं, याचं कारण स्क्रीनवरच्या यादीतून अगदी नीट निवडायचं. असं रोज कुणी काम करत नसतं, हे मला कळत होतं. चहाच्या सुट्टीत मी जवळ गेले की गप्पा थांबायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातमोजे काढून सरळ विचारलं, "मॅडम, खरं सांगा. आमची मिनिटं मोजायला आलाय न्हवं?"

मी म्हटलं, मी फक्त स्क्रीन बघतेय, तुम्हाला नाही. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मला थोडा रागच आला. माझ्यावर संशय घ्यायचं काय कारण?

त्याच आठवड्यात कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांबरोबर बैठक झाली. नवीन कल्पना, सुधारणा असं बरंच बोलून झाल्यावर ते म्हणाले, प्रत्येक बटण कोणत्या वेळी दाबलं त्याची नोंद मागे जमा होऊ दे, स्क्रीनवर दाखवायची गरज नाही. मी विचारलं, नोंदीबरोबर ऑपरेटरचं नाव असेल का? ते हसले. "ते नंतर बघू की."

परत येताना गाडीत मी आमच्या ऑफिसच्या साहेबांना म्हटलं, हे मला बरोबर वाटत नाही. त्यांचं उत्तर, गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं. मग मला त्यांचाही संशय येऊ लागला. काम घेतानाच त्यांना हे ठाऊक होतं का? विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या खेपेला मी कोडोलीच्या त्या ऑपरेटरना सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "नोंद ठेवा की. पर जे त्यांना दिसंल, ते आमालाबी दिसू दे."

तेवढंच घेऊन मी मॅनेजरसाहेबांकडं गेले. नोंद उघडी नसेल तर लोक मुद्दाम चुकीची कारणं दाबतील आणि तुमचे आकडे काही कामाचे राहणार नाहीत, असं सांगितलं. ते बराच वेळ कुरकुरले, शेवटी तयार झाले. नोंद मशीनच्या नावानं राहिली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात सगळ्यांना दिसू लागली. बटणं मोठी झाली, कारणं मराठीत आली. ऑपरेटर आता मोकळेपणानं सांगतात, हे बटण हातमोज्यानं दबत नाही, ते चुकून दबतं.

तरी माझं मन स्वच्छ नाही. कोणत्या पाळीला कोणत्या मशीनवर कोण असतं, हे मॅनेजरसाहेबांना ठाऊक असतंच. नाव जोडायला कितीसा वेळ लागणार?

आता त्याच कारखान्यानं हजेरीच्या स्क्रीनचं काम दिलंय. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, ही माहिती कोण कोण बघणार? आमच्या साहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मॅनेजरसाहेबांनी चहा मागवला. मी उत्तराची वाट बघत बसून राहिले.