पालखी शाळेपाशी जड झाली

माझी धाकटी बहीण सई आठ वर्षांची आहे. जन्मापासून तिचे पाय साथ देत नाहीत, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. आमच्या कर्जत तालुक्यातल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिचं नाव आहे. कागदावर तिला ‘घरी शिक्षण’ मिळतं. म्हणजे विशेष शिक्षिका कधीतरी येतात, तिच्या हातात खडू देतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावी जातात. इतक्या गावांना त्या एकट्याच, त्यांच्यावर तरी किती रागवायचं? आई भैरवनाथाला साकडं घालायची. मी तिच्याबरोबर हात जोडायचे, पण ज्याला हे दिसत नाही त्याच्याकडे काय मागायचं, असं मनात यायचं. मी नगरला इंग्रजी शाळेत शिकले. तरी चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो.

यंदा सरकारी शिबिरातून सईला चाकाची खुर्ची मिळाली आणि मी तिला थेट शाळेत नेलं. शाळेला रॅम्प आहे, पण तो खिचडीच्या खोलीला बांधलाय. तांदळाची पोती न्यायला बरं पडतं म्हणे. वर्गांपुढे मात्र उंच पायऱ्या. मुख्याध्यापक वरूनच म्हणाले, “ताई, पडली-बिडली तर जबाबदारी कुणाची? सरकारने तिची सोय घरी केलीय ना.”

 मी मात्र परत गेले नाही. रोज सकाळी खुर्ची पायऱ्यांसमोर लिंबाखाली लावायची आणि बसायचं. आत पाढे सुरू झाले की सई बाहेरून तिच्या तुटक आवाजात म्हणायची. ते ऐकताना हातातली पाण्याची बाटली भिरकावून द्यावीशी वाटायची.

यात्रेच्या दिवशीही आम्ही तिथेच होतो. भैरवनाथाची पालखी नदीवर स्नानाला जाते ती शाळेच्या पटांगणातून. लिंबाजवळ येऊन ती थांबली. “जड झाली,” खांदेकरी म्हणाले. देवाला पुढे जायचं नसलं की पालखी जड होते, असं आमच्याकडे मानतात. नारळ फोडला, भंडारा उधळला, तरी पालखी हलेना. मग देवाचं काय राहिलं, याची विचारणा सुरू झाली. खर्ड्याकडून यात्रेला आलेल्या एका पाहुण्याने पालखीला खांदा दिला होता. त्याने सईकडे बघून विचारलं, “ही पोर भाईर का बसलीया?”

“तिला आत घेत नाहीत.” आवाज माझाच होता. “रॅम्प खिचडीला आहे. वर्गाला नाही.”

“तांदळाला वाट हाय अन् पोरीला न्हाई व्हय!” मागून कुणीतरी म्हणालं. काही जण हसले.

पाहुणा पायऱ्यांवर उभ्या मुख्याध्यापकांकडे वळला. “गुरुजी, देव हालंना. आता तुमीच सांगा.”

“अहो, मी काय करणार? वरून आदेश...”

पाहुण्याने पालखीकडे बोट केलं. “ह्याच्याबी वरून?”

मुख्याध्यापक बाजूला सरले. गर्दीतल्या चौघांनी खुर्ची उचलली आणि सईला वर्गात नेऊन पहिल्या बाकाशेजारी ठेवलं. मग पालखी निघाली. देव खरंच थांबला होता, की त्या पाहुण्याच्याच मनात काही आलं होतं? मला माहीत नाही. तो पुन्हा दिसला नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

सई आता रोज जाते. खुर्ची कुणी ना कुणी वर चढवतं. वर्गाचा रॅम्प अजून झालेला नाही. ज्या कामाचा सरकारी माणसं पगार घेतात, त्यासाठी देवाला उन्हात अडून बसावं लागलं, हा राग माझ्यात तसाच आहे. शरण जायचं म्हणजे गप्प सोसायचं, असं मी समजत होते. आता तो राग रोज भैरवनाथापुढे ठेवते आणि तोच घेऊन रॅम्पसाठी पंचायत समितीत जाते. घसा कोरडा पडतो, पण बोलते.

काल सई घरी आली ती रडवेली होऊन. शेजारची मुलगी तिचं खोडरबर घेते आणि परत देत नाही. आई त्या मुलीवर भडकली. मी चुलीपाशी उभी राहून मनातल्या मनात देवाला हात जोडले. माझ्या बहिणीलाही आता वर्गातल्या कुणाचीतरी तक्रार सांगता येत होती.